काकूचा मागचा पाय

स्क्रीनवर काकू चालत होती आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. चालणं कसलं, ओल्या लादीवरून साबणाची वडी सरकावी तशी ती सरकत होती. कंबर बारीक, केस मोकळे, गुडघे रबराचे.

"कशी वाटतेय?" मागून गुळगुळीतने विचारलं.

गुळगुळीत म्हणजे आमचा डायरेक्टर. माझ्याहून बराच लहान, हुशार, आणि स्वभावाने वाईट अजिबात नाही, हेच तर दुखणं. वाईट असता तर निदान मनसोक्त भांडता आलं असतं. काहीही दाखवा, तो म्हणणार, "छान आहे, फक्त जरा गुळगुळीत करू या." म्हणून हे नाव. ते मीच ठेवलं आणि त्यालाही ते माहीत आहे.

"कोण आहे ही?" मी म्हणाले.

"ताई, काकू आहे."

"ही काकू? हिला काकू म्हटलं तर वळून तरी बघेल का?"

आम्ही मारामारीचा गेम बनवतो. दोन कॅरेक्टर समोरासमोर उभी राहतात आणि एक आडवं होईपर्यंत एकमेकांना बडवतात, एवढीच गोष्ट. मी ॲनिमेटर, म्हणजे या मंडळींना हालचाल देणारी. कोणी कसं चालायचं, कसं मारायचं, मार खाऊन कसं पडायचं, ते मी फ्रेम फ्रेम करून बसवते. पहिल्या भागातली काकू माझी. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काम करणारी, साठी उलटलेली बाई. भिजलेली चादर पिळून तिचाच सोटा करायची आणि समोरच्याला धोपटायची. तिचा मागचा पाय दुखायचा. त्या पायावर भार आला की ती किंचित थांबायची, आणि मग मारायची.

आधी लोकांना ती आमची चूक वाटली. "तुमची म्हातारी अडकते," अशा तक्रारी आल्या. मग खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं की समोरचा त्या थांबण्यालाच फसतो. आता मारेल म्हणून तो हात उचलतो, काकू मारतच नाही, त्याचा वार हुकतो आणि मग ओली चादर फाडकन तोंडावर बसते. काकू थांबली की आपली धडगत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक झालं.

दुसऱ्या भागात तिचं थांबणं निम्मं केलं आणि वर तिला चष्मा दिला. मार बसला की तो उडून पडायचा, कारण कोणालातरी ते विनोदी वाटलं. मी नको म्हणाले. माझं कोण ऐकतो! आणि आता तिसऱ्या भागात काकू चादरींबरोबर धुलाईच्या टाकीत पडते, टाकीत कसलंसं रसायन असतं, आणि तिशीची होऊन बाहेर येते. एका बाईचं सगळं आयुष्य यांनी डाग म्हणून धुऊन टाकलं.

"तिचं थांबणं कुठे गेलं?" मी विचारलं.

"हा भाग वेगवान आहे, ताई. थांबणारं कॅरेक्टर मार खातं. आणि गुडघा बरा झालाय ना तिचा! मग थांबेल कशाला?"

यावर मी आणखी चिडले. शेवटी तो म्हणाला, "शुक्रवारी दुपारी काकू लॉक करायची आहे. तोवर मला पटेल असं चालणं दाखवा. पटलं तर घेतो, शब्द देतो. नाहीतर हीच जाईल."

लॉक म्हणजे त्यानंतर कोणी हात लावायचा नाही. काकू कायमची साबणाची वडी होणार.

हे मला का झोंबत होतं, ते सांगायला हवं. काकूचं चालणं माझ्या सासूबाईंचं आहे. पहिल्या भागाच्या वेळी मला म्हातारीची चाल काही केल्या जमत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? मी चालते, तू बघ." त्या पॅसेजमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, उजवा गुडघा सांभाळत, आणि मी बघून उतरवून घेतलं. पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगायच्या, "माझ्या सुनेनं मला मारामारीला लावलंय." तयार गेम दाखवला तेव्हा मात्र त्यांनी डोळे बारीक केले.

"अगं, ही ढोंगी आहे!"

"का हो आई?"

"आत्ता इकडे तोंड होतं तेव्हा हिचा उजवा पाय दुखत होता. उडी मारून पलीकडे गेली, वळली, तर आता डावा दुखतोय. खरं दुखणं असं बाजू बदलतं का?"

मी पोट धरून हसले होते. त्याचं असं आहे की आम्ही प्रत्येक कॅरेक्टर एकाच बाजूला तोंड करून बनवतो. ते वळलं की मशीन आरशातल्यासारखं चित्र उलटं करतं, म्हणजे निम्मं काम वाचतं. त्यामुळे आमच्या धंद्यात डावा पाय, उजवा पाय असं काही नसतंच. पुढचा पाय आणि मागचा पाय, बस्स. इतकी वर्षं हे केल्यावर डावं-उजवं डोक्यातूनच जातं. रिक्षावाल्याला डावीकडे सांगून मी हात उजवीकडे दाखवते.

तर त्या सासूबाईंचा उजवा गुडघा आता बदललाय. ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर खूश, माझा नवरा खूश. सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट घरी येऊन चालवून गेला. मग त्याने सांगितलं, आता रोज पॅसेजमध्ये चालायचं आणि व्हिडिओ पाठवायचा, मी बघून सांगत जाईन. सासूबाई मोबाइल फुलदाणीला टेकवून ठेवायच्या, आपण त्यात दिसतोय ना ते बघायच्या, आणि चालायच्या. व्हिडिओ आधी मला यायचा, मी तो पुढे फिजिओला पाठवायचे. आणि त्या व्हिडिओत त्या थांबत होत्या. अगदी पहिल्यासारख्या. भार आला की किंचित थांबायचं, मग पुढे.

"सवय आहे," फिजिओ म्हणाला. "गुडघा अगदी ठणठणीत आहे. इतकी वर्षं जपून चालल्यात, डोकं अजून जुनाच पाय धरून बसलंय. तुम्ही सारखं टोकत राहा."

टोकायला मी एका पायावर तयार. सकाळी निघताना टोकायचे, जेवायच्या सुट्टीत ऑफिसातून फोन करून टोकायचे. घरी पोचेपर्यंत त्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, तरी टोकायचे. रविवारी त्या माझ्यासमोर चालायच्या, पण मी कुठे बघत होते, मी बोलत होते. "आई, थांबू नका. आई, सरळ चाला. आई, नवा गुडघा काय शोभेला बसवलाय का?" नवऱ्याचं आपलं एकच, "आई, ती म्हणते ते ऐक."

एकदा फोनवर त्या म्हणाल्या, "अगं, दुखतं गं."

"दुखणारच. नवा आहे, रुळायला वेळ लागतो."

"अगं, तो नव्हे, मी काय म्हणते—"

तेवढ्यात गुळगुळीत टेबलाशी आला आणि मी म्हणाले, "आई, संध्याकाळी बोलू. तोवर थांबू नका." संध्याकाळी मी विसरले. त्यांनीही पुन्हा काढलं नाही.

गुरुवारपर्यंत मी काकूची चालणी करकरून थकले. थांबणं ठेवलं तर ती तिशीची बाई उगाच नखरे करतेय असं दिसायचं. काढलं तर काकू उरायची नाही. गुळगुळीत अधूनमधून खुर्चीमागे येऊन उभा राहायचा आणि सुस्कारा टाकायचा. कोणी मागे उभं राहून सुस्कारे टाकायला लागलं की माझं काम तर जमत नाहीच, श्वास घेणंही जमत नाही.

त्यात दुपारी सासूबाईंचा व्हिडिओ आला. तेच ते. मी तिथूनच फोन लावला आणि चढ्या आवाजात सुनावलं, "आई, किती वेळा सांगायचं? थांबायचं नाही! काही झालेलं नाही तुमच्या पायाला. नुसती सवय आहे. जरा मनावर घ्या!"

पलीकडून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं."

फोन ठेवला तर सगळं ऑफिस ऐकत होतं. गुळगुळीत माझ्याकडे बघत होता.

"ताई, एक विचारू? रागावू नका. घरच्या काकूला म्हणता थांबायचं नाही. इथल्या काकूला म्हणता थांबलंच पाहिजे. नक्की कुणाचं बरोबर?"

तोंडात मारल्यासारखं झालं. दोन-तीन जण खाली मान घालून हसले. मला राग आला, आणि रागातच ती कल्पना सुचली. माझ्या चांगल्या कल्पना रागातूनच येतात, म्हणून तर या धंद्यात टिकले.

"दोघींचंही बरोबर," मी म्हणाले. "गुडघा बरा झालाय, पण डोकं अजून जुनाच पाय धरून बसलंय. शरीर तिशीचं, सवय साठीची. ती थांबते, तिचं तिलाच कळतं की आता थांबायची गरज नाही, आणि मग ती मारते. हे आहे तिसऱ्या भागातलं थांबणं. ती बदललीये, पण आपण कोण होतो ते विसरलेली नाही."

गुळगुळीतने हनुवटी खाजवली. "हे चांगलं आहे," तो म्हणाला, आणि आश्चर्य म्हणजे गुळगुळीत करू या म्हणाला नाही. "उद्या दाखवा. खरंच चांगलं आहे."

शुक्रवारी सकाळी मी जवळजवळ शीळ घालत ऑफिसला आले. नमुना हातातच होता. जगात दुसऱ्या कोणाकडे नसेल असा: नवा गुडघा आणि जुनी सवय, चालतीबोलती, माझ्या मोबाइलमध्ये. सासूबाईंचा व्हिडिओ मी मोठ्या स्क्रीनवर घेतला. शेजारी पहिल्या भागातली काकू उभी केली. दोघींना एकत्र चालवलं. तोच पाय, तेच थांबणं. वा! सवय म्हणतात ती हीच. मी फ्रेम फ्रेम पुढे सरकवत नव्या काकूला सासूबाईंची चाल शिकवायला लागले.

आणि ते बसेना.

सवयीने थांबणारा माणूस पाय टेकवण्याआधी थांबतो. भीती आधी येते. नवी काकू तशी थांबायला हवी होती. सासूबाई मात्र पाय टेकवून, भार घेतल्यावर थांबत होत्या. मी पुन्हा बघितलं. पाय टेकला, भार आला, खांदा खाली गेला, ओठ आत ओढले गेले, हात भिंतीकडे निघाला आणि अर्ध्यावरून मागे घेतला, कारण सुनेने बजावलंय, भिंत धरायची नाही. इतकं सगळं एका थांबण्यात. ही काही सवय नव्हती. हे दुखत होतं.

पण दुखेल कसं? गुडघा तर ठणठणीत! मी वैतागून ती जागा मागे-पुढे करत बसले. तेव्हा मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. सेकंदकाटा उलटा फिरत होता.

मी कपाळावर हात मारला. व्हिडिओ उलटा चालू होता तर! म्हणूनच काही बसत नव्हतं. मी सेटिंग बघितलं. सरळ होतं. सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, सगळं बंद करून पुन्हा उघडलं. सासूबाई सरळ पुढे चालत येत होत्या आणि काटा उलटा फिरत होता. मग मी चित्र मोठं केलं. घड्याळाच्या तबकडीवर तीनचा आकडा डावीकडे होता, नऊचा उजवीकडे. आणि दोन्ही उलटे.

आरसा.

सासूबाई मोबाइल फुलदाणीला टेकवायच्या आणि आपण त्यात दिसतोय ना ते बघायच्या. म्हणजे पुढचा कॅमेरा. त्यांच्या मोबाइलचा पुढचा कॅमेरा सगळं आरशातल्यासारखं उलटं टिपतो. इतके दिवस मी बघत होते, फिजिओ बघत होता, तो उजवा पाय उजवा नव्हताच. तो डावा होता. डावा, जुना, ज्याला कोणीच हात लावलेला नव्हता, आणि उजवा दुखत होता तोवर ज्याने एकट्याने सगळा भार ओढला होता.

अगं, तो नव्हे, मी काय म्हणते.

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. माणसं कशी चालतात हे बघण्यात माझी निम्मी हयात गेली. अनोळखी माणसाच्या चालीवरून त्याचा बूट चावतोय हे मी सांगते. आणि घरातल्या बाईचा कुठला पाय दुखतोय ते मला दिसलं नाही, कारण माझ्या लेखी पाय दोनच, पुढचा आणि मागचा. वर फोन करून ओरडत होते, जरा मनावर घ्या म्हणून.

मी पर्स उचलली. दारात गुळगुळीत भेटला.

"ताई, निघालात कुठे? आज लॉक आहे."

"घरी."

"आणि काकू?"

"काकूकडेच जातेय," मी म्हणाले आणि जिन्याकडे धावले.

दार उघडलं तेव्हा सासूबाई पॅसेजमध्येच होत्या. फुलदाणीला मोबाइल टेकवलेला. मला भरदुपारी बघून त्या इतक्या दचकल्या की भिंतीवर टेकलेला हात त्यांनी पटकन मागे लपवला. मी पर्स तिथेच टाकली.

"अगं, आत्ताच चालायला सुरुवात केली होती. नाही थांबत हं मी, प्रयत्न करतेय."

"आई, बसा आधी."

त्या बसल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, "कुठला गुडघा दुखतो?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही अवघड विचारलंय. मग पायघोळ गाऊनवरून हात फिरवत त्यांनी डाव्या गुडघ्यावर तळवा ठेवला. मी तो हात बाजूला करून माझा ठेवला. गुडघा सुजून गरम झाला होता.

"हा?"

"हा."

"आई, सांगितलं का नाहीत हो?" मी ओरडलेच. राग स्वतःवरचा होता, निघाला त्यांच्यावर.

"सांगायला गेले होते गं. तू घाईत होतीस. मग तुम्ही दोघं म्हणालात सवय आहे, तो फिजिओही म्हणाला सवय आहे. म्हटलं, हिचा तर धंदाच चालण्याचा, हिला कळत असणार." त्यांनी गाऊन सारखा केला. "आणि मला तरी काय माहीत? मलाही वाटायला लागलं, मीच उगाच करतेय."

 मी नुसती त्यांचा गुडघा धरून बसले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशा त्या म्हणाल्या, "आता तू नको रडूस, मला उठून पाणी आणावं लागेल." मग आम्ही दोघी हसलो, पण ते हसणं काही फार टिकलं नाही.

मी फिजिओला फोन लावला. ऑपरेशनवाल्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. नवऱ्याला कळवलं. तेवढ्यात गुळगुळीतचा निरोप आला: "थांबता आलं नाही, ताई. काकू लॉक केली. छान दिसतेय." सोबत व्हिडिओ होता. टाकीतून बाहेर आलेली काकू डावीकडून उजवीकडे सरकली, उडी मारून वळली, उजवीकडून डावीकडे सरकली. कुठेही काहीही न दुखता. मला इतका संताप आला की मोबाइल सोफ्यावर आपटला. त्याने शब्द पाळला होता, मीच वेळ पाळली नव्हती. आता काकूचं काही करता येणार नव्हतं.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. तुमची काकू गेली. आता तिचा कुठलाच पाय दुखत नाही."

"सुटली बिचारी," त्या म्हणाल्या.

मी फुलदाणीजवळचा मोबाइल उचलून बंद केला आणि खिशात टाकला. मग पॅसेजच्या टोकाला भिंतीला पाठ लावून बसले.

"आई, एकदाच चालून दाखवाल? दुखेल तिथे थांबा. भिंत धरा. मला नीट बघायचंय."

त्या उठल्या. भिंत धरून माझ्याकडे चालत आल्या. उजवा पाय बिनधास्त पडत होता. डाव्यावर भार आला की थांबत होत्या, ओठ आत ओढत होत्या, मग पुढे. माझ्यापर्यंत आल्या, वळल्या आणि पाठमोऱ्या चालत गेल्या. आता त्या दुसऱ्या हाताने तीच भिंत चाचपत होत्या. मी टक लावून बघत होते.

टोकाला पोचल्यावर त्यांनी मान वळवली.

"आत्ता जाताना कुठला दुखत होता गं?"

"डावाच, आई."

"आणि येताना?"

"डावाच."

त्यांनी एकदा गुडघ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे ढोंग नाही ना हे?" त्यांनी विचारलं.